गप्प राहायला शिकवणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टरबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, वर आढ्याकडे बघत. उंबऱ्यावर उभं राहून तुळई न्याहाळायच्या, कौलांचा भार बघायच्या, भिंतीला कुठं पोट सुटलंय का ते बघायच्या आणि मग "सलाम" म्हणून आत यायच्या. चहाचा कप हातात आला की प्रश्न ठरलेला असे.

"इथं कोण झोपतं? डोकं कुठल्या अंगाला करून?"

लोकांना हे रुचायचं नाही. एकदा आमच्याच घरी त्यांनी माझ्या आईला विचारलं, "त्या कोपऱ्यात तुमच्या सासूबाई झोपायच्या ना? आता त्या जागी कोण झोपतं?" सासूबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या कोपऱ्यात मी झोपत होते. आईनं कसंबसं उत्तर दिलं, पण बाई गेल्यावर माझं अंथरूण उचलून दाराजवळ टाकलं आणि म्हणाली, "ही बाई विचारपूस करायला येते का मापं घ्यायला, कळत नाही."

साताऱ्यात देवळाच्या आवारात मागल्या अंगाला दोन खोल्यांत त्या राहायच्या. आम्ही ख्रिस्ती लोक तेव्हा चर्चला देऊळच म्हणत असू. मिरजेकडच्या एका मिशन इस्पितळात नर्स आणि मग मेट्रन म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन साताऱ्याला आल्या तेव्हा साठीच्या आसपास असतील. उंच, हाडकुळ्या, पांढरं पातळ, पायात पुरुषी बूट आणि गळ्यात क्रूसाऐवजी पितळेची शिट्टी. दोन खोल्या होत्या, पण त्या आत कधी झोपल्या नाहीत. अंगणात चिंचेखाली त्यांची लोखंडी खाट असे. पावसाळ्यात चार बांबूंवर एक पत्रा टाकून घ्यायच्या. चिंचेखाली झोपू नये म्हणून आवारातल्या बायकांनी त्यांना परोपरीनं सांगितलं.

"झाडाखाली काय असेल ते असेल," सिस्टरबाई म्हणायच्या, "छताखाली काय असतं ते मी बघितलंय."

रविवारी उपासनेला त्या बाकावर बसत नसत. मुख्य दाराच्या चौकटीत स्टूल टाकून बसायच्या. पाळकसाहेबांनी एकदोनदा सुचवून पाहिलं, मग नाद सोडला. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, ही ओळ आली की दारातला आवाज बंद व्हायचा आणि पुढच्या ओळीला परत सुरू व्हायचा. अख्ख्या मंडळीला ते ठाऊक होतं. लहान मुलं तर त्या ओळीला माना वळवून दाराकडे बघायची. पुढं शेवटची वर्षं त्या सांगलीला पुतण्याकडे राहिल्या, तिथं ती ओळ त्या म्हणायच्या असं तिथले लोक सांगतात. मी स्वतः ऐकलेलं नाही.

उपासना संपून लोक बाहेर पडले की त्या वेदीपुढच्या फरशीवर गुडघे टेकायच्या. कुणी नवखा असेल तर त्याला वाटायचं, बाई प्रार्थना करताहेत. त्या कान लावायच्या. एक गाल फरशीला टेकवून डोळे मिटून बराच वेळ तशाच राहायच्या. झाडलोट करायला आलेला माणूस केरसुणी घेऊन ताटकळत उभा.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. लग्न झालं नव्हतं. एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, काय ऐकता?"

"अजून लांब आहे," त्या म्हणाल्या आणि गालाची धूळ पुसून निघून गेल्या.

कोयनेच्या धरणात पाणी साठलं तेव्हापासून पाटणकडची माणसं बाजाराला आली की एकच गोष्ट सांगायची. जमिनीखालनं मालगाडी गेल्यागत आवाज येतो, मग भांडी वाजतात, मग सगळं गप्प. कुणी म्हणायचं सुरुंग लावत असतील, कुणी म्हणायचं डोंगर पाणी पितोय. साताऱ्यात आम्हाला कधीमधी नुसती खिडकीची तावदानं थरथरल्यासारखी वाटायची आणि पाच मिनिटांत आम्ही विसरून जायचो. सिस्टरबाई विसरल्या नाहीत. त्या पाळकसाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मला शनिवारी दुपारी आवार पाहिजे आणि मंडळीतली धडधाकट माणसं पाहिजेत. बाया असतील तरी चालतील."

पाळकसाहेबांना वाटलं, बँडेज बांधायला शिकवणार. आम्हालाही तेच वाटलं होतं. पहिल्या शनिवारी आम्ही दहाबारा जण जमलो. बाईंनी आम्हाला आवारात गोल बसवलं, शिट्टी वाजवली आणि म्हणाल्या, "आता गप्प बसा."

आम्ही गप्प बसलो. ऊन ओसरीवरून उतरून पायरीवर आलं तरी बाई काही बोलेनात. सुरुवातीला हसू आलं, मग पाय अवघडले, मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. आवारातले आवाज एकेक करून वेगळे झाले. विहिरीचा रहाट, पलीकडच्या आळीत कुणीतरी कुटत होतं ते, कौलावरून पाल गेली ती. आणि या सगळ्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याला आवाज म्हणावं की नाही ते मला कळेना. मी मान वर केली. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी या."

पाळकसाहेब नंतर गमतीनं म्हणायचे, जे मला उपासनेत कधी जमलं नाही ते बाईंनी पहिल्या दिवशी करून दाखवलं.

मग खरं शिक्षण सुरू झालं. मोडक्या खाटा, भाताची पोती, जुनी कौलं यांचा ढीग करायचा, त्यात कुणाला तरी झाकायचं आणि बाकीच्यांनी शोधायचं. उकरायची घाई केली की बाई खवळायच्या. "आधी शिट्टी. मग सगळे गप्प. मग नावानं हाक. मग परत गप्प. आतल्या माणसाला ओरडायचं बळ नसतं. तो नखानं खरवडतो. तेवढं ऐकू आलं पाहिजे." मग तुळई कुठून उचलायची, टेकू कसा द्यायचा, माणूस बाहेर काढताना मान कशी धरायची, हे सगळं त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. पण पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर यायच्या. "उकरायला हात पुष्कळ मिळतील, सगळा गाव उकरत असतो. पुढाऱ्याचं काम वेगळं. जिथं जीव नाही तिथं उकरणाऱ्याला थांबवायचं आणि जिथं आहे तिथं आणायचं. ज्याला थांब म्हणता येत नाही त्यानं शिट्टी गळ्यात घालू नये."

एकदा पाळकसाहेब हौसेनं सामील झाले आणि ढिगाखालचं माणूस दिसताच पोत्यावरची तुळई ओढायला लागले. मी ओरडले, "साहेब, हात काढा! मागं सरा!" सगळे चपापले. पाळकांच्या अंगावर असं कुणी ओरडत नाही. पण ते निमूटपणे मागं सरले. सिस्टरबाई त्या दिवशी हसल्या. मी त्यांना हसताना एवढंच बघितलं. सातारच्या तुकडीची पुढारी म्हणून त्यांनी मला नेमलं ते त्या ओरडण्यामुळं.

दुसरी तुकडी सांगलीला होती. तिथल्या मंडळीतही त्यांनी असाच वर्ग चालवला होता, आणि अधूनमधून आम्हाला एस.टी.त घालून तिकडे न्यायच्या. सांगलीच्या तुकडीचा पुढारी शमुवेल. हा मोटारी दुरुस्त करणारा, बुटका, बोलका, हाताला कायम वंगणाचा वास. सांगलीत हळद जमिनीखाली पेवांत साठवतात. वरून विहिरीच्या तोंडाएवढं भोक आणि आत खोलीएवढी पोकळी. बाईंच्या ओळखीचे एक जैन व्यापारी होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी एक रिकामं पेव बाईंना वापरायला दिलं होतं. "शिष्टरबाईंनी माझ्या मुलाला मरणातनं ओढून काढलंय," ते म्हणायचे, "त्यांना पेव काय, घर मागितलं तरी देईन. पण त्या आत माणसं कशाला सोडतात ते मी विचारत न्हाई. मला भ्या वाटतं."

पेव चांगलं दिवसभर उघडं ठेवायचे, मग आत हवा आहे का ते कळायला कंदील सोडून बघायचे. कंदील तेवत राहिला की कमरेला दोर बांधून माणूस. माझी पाळी आली तेव्हा मी खाली उतरले. वरून फळी ओढली गेली आणि असा काळोख झाला की डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय, एकच. हळदीचा वास नाकातोंडात भरला. आता वरून माझ्या नावानं हाक येणार होती आणि मी फक्त भिंत खरवडून उत्तर द्यायचं होतं. हाक आली, पण वरून नाही. बाजूनं आली. अगदी माझ्या खांद्याच्या उंचीवरून, हलक्या आवाजात, कुणीतरी माझं नाव घेतलं. पेवात आवाज असा फिरतो हे मला माहीत होतं, बाईंनीच सांगितलं होतं. तरी मी तिकडे हात लांब केला. हाताला गार भिंत लागली. मी ती खरवडली, आणि खरवडणं थांबवल्यावरही क्षणभर खरवडल्याचा आवाज येत राहिला.

वर काढल्यावर बाईंनी माझी नाडी बघितली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "आत एकटीच होतीस?"

"हो," मी म्हणाले.

हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारायच्या. शमुवेल बाहेर आला तेव्हा त्यालाही विचारलं. तो एरवी सगळ्याची चेष्टा करायचा. त्या दिवशी त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "खरं सांगू का बाई? मला न्हाई वाटलं एकटा हाय म्हणून." बाईंनी त्याचा वंगणाचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णेच्या घाटावर आम्ही दोघी बसलो होतो. मी विचारलं, "हे तुम्ही सगळ्यांना का विचारता?"

त्यांनी नदीकडे बघतच सांगितलं. तरुणपणी त्या नवऱ्याबरोबर क्वेट्ट्याला होत्या. नवरा फौजी इस्पितळात कंपाउंडर, या तिथंच नर्स. घर शहरात होतं. भूकंप झाला त्या रात्री बाईंची ड्यूटी होती. इस्पितळ छावणीत होतं, ते उभं राहिलं. शहर राहिलं नाही. सकाळी त्या धावत गेल्या तेव्हा गल्ली कुठली हेच कळेना. नवऱ्याचा देह सापडला. मुलगी, मार्था, चार वर्षांची, सापडली नाही.

"रडत होती," बाई म्हणाल्या. "खालून. स्पष्ट येत होतं. मी हातानं उकरत होते. दुसऱ्या दिवशी फौज आली. रोगराईच्या भयानं सगळं शहर रिकामं करायचा हुकूम झाला होता. एका गोऱ्या ऑफिसरनं माझा दंड धरला आणि मला ओढून लॉरीत बसवलं. मी त्याच्या हाताला चावले. त्यानं सोडलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ती रडतच होती."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"आत माणूस एकटं असतं का, तेवढं मला कळून घ्यायचंय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्या ऑफिसरच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"थांबवलं असतंस. थांबवायलाच पाहिजे. मी जिथं उकरत होते तिथली भिंत त्याच संध्याकाळी पडली असं मागून कळलं. तो बरोबर होता. मी त्याला क्षमा केलेली नाही ती गोष्ट वेगळी. तुम्हाला शिकवतेय ते त्याचंच काम शिकवतेय."

कोयनेचा भूकंप झाला तो थंडीतला. पहाटे साताऱ्यात घरं हलली, माणसं रस्त्यावर आली, फडताळातली भांडी घरभर झाली. मी आवारात धावत गेले तेव्हा सिस्टरबाई खाटेवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होत्या. जणू गाडीची वेळ झाली होती. "सांगलीला निरोप धाडा," एवढंच म्हणाल्या. शमुवेल आणि त्याची माणसं कराडला आम्हाला मिळाली. तिथून एका मालट्रकनं पाटणच्या पुढं गेलो. रस्ता जिथं फाटला होता तिथून चालत. वाटेत बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.

"आज हुकूम तुझा. मी तुझ्या हाताखाली. तू थांब म्हणालीस की मी थांबणार."

डोंगराच्या कुशीतलं ते गाव होतं. गाव म्हणायचं ते एवढ्यासाठी की माणसं होती. घरं दगडमातीची, कौलारू. भिंती जागच्या जागी बसल्या होत्या आणि त्यांवर कौलं अंथरल्यासारखी पसरली होती. दुपार कलत आली होती. जो तो जिथं सुचेल तिथं उकरत होता, बायका आक्रोश करत होत्या, कुत्री भुंकत नव्हती. मी शिट्टी वाजवली. कुणी लक्ष दिलं नाही. एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण बाई? हितं मानसं मेल्यात आन ही शिट्ट्या वाजवती!" शमुवेलनं त्याला हात जोडले. "आबा, एकदा गप्प बसा. आतलं मानूस बोलत असंल तर ऐकाय तरी येऊ द्या."

मी परत वाजवली. हळूहळू, एकेक करून, हात थांबले. मग रडणं थांबलं. भर दिवसा अख्खा गाव गप्प झाला. अशी शांतता मी नंतर कधी अनुभवली नाही. धूळ तेवढी उन्हात तरंगत होती.

ठक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत ठक्.

गावच्या शिंप्याचं घर होतं ते. त्याचा भाऊ भलत्याच कोपऱ्यात उकरत होता. मी शिंप्याच्या बायकोला धरून विचारलं, "रात्री कुठं झोपले होते? डोकं कुठल्या अंगाला?" ती भ्रमिष्टासारखी बघत राहिली, मग म्हणाली, "मशिनीजवळ. दाराकडं डोकं." आम्ही तिकडून सुरू केलं. वर मोठी तुळई आडवी होती. ती उचलायला होती नव्हती ती सगळी माणसं लागणार होती. मी मोजायला वळले तर चारजण कमी.

शमुवेल हलक्या आवाजात म्हणाला, "बाईंनी नेल्यात. त्या खालच्या अंगाला, वस्तीकडं."

मी धावत गेले. गावाच्या कडेला बौद्ध मंडळींची वस्ती होती. तिथली माणसं बहुतेक बाहेर निघाली होती, शेतात बसली होती. शेवटच्या पडक्या घराच्या ढिगावर सिस्टरबाई गुडघ्यांवर होत्या, हातानं दगड काढत होत्या. बोटांतून रक्त येत होतं. आमची चार माणसं गोंधळून घमेली भरत होती. वस्तीतला एकजण सांगत होता, "आवं बाई, त्यात कुणी न्हाई. मोकळं घर हाय ते. कवाचं मोकळं हाय."

बाई ऐकत नव्हत्या. त्या हाक मारत होत्या. "मार्था! ए मार्था!"

मी ढिगावर त्यांच्याजवळ गेले.

"बाई," मी म्हणाले, "तिकडं जिवंत माणूस आहे. तुळई उचलायला माणसं पाहिजेत."

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुला येत नाही ऐकू? रडतेय. ऐक."

मी वाकून ऐकलं. त्यांनी मला शिकवलं होतं तसं, श्वास धरून. काही नव्हतं. वारा होता.

"बाई, थांबा."

त्या उकरतच राहिल्या. मी शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली. त्यांच्यापासून हातभर अंतरावरून.

त्यांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांनी वर बघितलं. त्या नजरेत मी नव्हते, दुसरंच कुणीतरी होतं. मला वाटलं, आता ह्या माझ्या हाताला चावणार. मग त्या उठल्या. हातातला दगड त्यांनी खाली टाकला नाही, हळूच ठेवला, आणि माझ्या पुढं चालत शिंप्याच्या घराकडे गेल्या. तुळईच्या एका टोकाला त्यांनी खांदा दिला.

शिंपी जिवंत निघाला. पाय गेले होते, पण जीव होता. बाहेर काढल्यावर उन्हानं डोळे मिटून घेत त्यानं पहिलं काय विचारलं असेल तर, "दार लावलं का? ते उघडं हुतं." त्याच्या घराला आता दार नव्हतं.

परतीच्या ट्रकमध्ये बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. साताऱ्यातही कितीतरी दिवस नाही. शनिवारचा वर्ग त्यांनी माझ्यावर सोपवला आणि स्वतः चिंचेखालच्या खाटेवर पाठ करून पडून राहायच्या. मला त्याचं वाईट वाटलं, पण मी जे केलं ते पुन्हा करावं लागलं असतं तर पुन्हा केलं असतं.

पुढं मंडळीनं जमवलेली पांघरुणं पोचवायला मी त्याच गावी गेले. त्या पडक्या घराची मालकीण सोनाबाई मला ओळखत होती. "जयभीम बाई," म्हणून तिनं बसायला घोंगडी टाकली. बोलता बोलता मी विचारलं, एवढं धडधाकट घर तुम्ही भूकंपाच्या आधीच का सोडलं होतं?

सोनाबाईनं इकडं तिकडं बघितलं. "तुमाला हसू यील. जात्याच्या बुडातनं आवाज यायचा. लेकरू रडल्यागत. आदी मला वाटलं, शेजारचं हाय. मग मालकांनी बी ऐकलं. पोरं भ्याली. पावसाळ्याच्या आदी आमी शेतातल्या खोपीत ऱ्हायला गेलो. त्येनंच वाचलो म्हना. पर अजून येतोय."

मी साताऱ्याला परतले ती सरळ आवारात गेले आणि सिस्टरबाईंना जसंच्या तसं सांगितलं. सांगावं की नाही याचा मी एस.टी.त सगळा वेळ विचार केला होता. न सांगणं मला जमलं नसतं.

त्या खाटेवर उठून बसल्या. "त्या बाईलाही येतो?"

"तिला, तिच्या नवऱ्याला, मुलांना. कितीतरी दिवसांपासून."

"म्हणजे ती मार्था नव्हती," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या आपल्या हाताच्या बऱ्या होत आलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. "मी जिथं जिथं जमिनीला कान लावला तिथं तिथं मला ती ऐकू आली. देवळात, पेवाच्या तोंडाशी, सगळीकडे. मला वाटायचं मी तिला सोडून आले म्हणून ती माझ्या मागं येतेय." त्यांचा आवाज बारीक झाला. "मग क्वेट्ट्यालाही जमीनच रडत होती का? मार्था आधीच गेली होती का, पोरी? पहिल्या धक्क्यालाच?"



"मला घेऊन चल तिथं," त्या म्हणाल्या.

आम्ही गेलो तेव्हा थंडी सरत आली होती. सोनाबाईच्या घराचे दगड लोकांनी बाजूला रचले होते. जोतं तेवढं उरलं होतं आणि त्यावर मधोमध चिरलेलं जातं. लख्ख ऊन होतं. सोनाबाईनं जात्यापाशी घोंगडी अंथरली. "बसा," ती म्हणाली. "टायम लागतो त्येला. आन बोलू नका." आम्हा सगळ्यांना गप्प राहायला शिकवणाऱ्या सिस्टरबाई लहान मुलीसारख्या मुकाट्यानं बसल्या आणि त्यांनी गाल जात्याच्या दगडावर टेकवला. मी जोत्याच्या कडेशी, उजवा हात दगडावर ठेवून उभी होते.

बराच वेळ काही झालं नाही. मग डोंगराच्या बाजूनं खोल कुठूनतरी घरघर आली, शेजारच्या नव्या खोपीचा पत्रा थरथरला, कोंबड्या एकदम उठून पळाल्या. आणि सगळं शांत झालं.

सोनाबाईनं बोट वर केलं. "आलं बघा," ती कुजबुजली.

सिस्टरबाईंनी डोळे घट्ट मिटले. मग कान थोडा सरकवला. मग दुसरा कान लावला.

"मला काही येत नाही गं," त्या म्हणाल्या. परत ऐकलं. "नाही. काहीच नाही." त्यांनी डोकं वर केलं. ताप उतरल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, थकलेला आणि स्वच्छ, तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला?"

मला येत होतं. आधी कानाला नाही, तळहाताला. दगडातून, हाडातून, बारीक, श्वास घेऊन थांबणारं आणि पुन्हा सुरू होणारं. मग कानालाही. सोनाबाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिला कळलं होतं.

"नाही, बाई," मी म्हणाले. "मलाही नाही."

सोनाबाई चहा ठेवायला उठून गेली.

परतीच्या एस.टी.त सिस्टरबाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या. खड्ड्यांनीसुद्धा त्यांना जाग आली नाही. गाडीत माणसं खच्चून भरली होती आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. मी उजवा हात पदरात गुंडाळून घेतला आणि कराड येईपर्यंत तळहातातलं ते रडणं ऐकत राहिले.